एका उंदराचे चार

शत्रू जळगाववर चाल करून येणार, हे मी तीन शहाण्यासुरत्या माणसांना पटवून दिलं तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि माझ्या प्रयोगशाळेत धड फिरणारा एक पंखा नव्हता.

मुलाखत धुळ्याला, सरकारी विश्रामगृहात होती. दिल्लीच्या एका खात्याने जाहिरात दिली होती. रोगराई आपोआप येवो की कोणी मुद्दाम सोडो, तिची चाहूल आधी कशी लागेल, या विषयावर नवख्या संशोधकांना सुरुवातीच्या कामापुरतं बीज अनुदान. अटी दोन. वय पस्तिशीच्या आत हवं आणि आजवर कुठलंही अनुदान मिळालेलं नसावं. दुसऱ्या अटीत मी अख्ख्या खानदेशात पहिला आलो असतो. जळगावच्या ज्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो, तिथे खडूसुद्धा मोडून अर्धा मिळायचा.

समितीचे अध्यक्ष पुण्याकडचे, पांढऱ्या केसांचे, बोलण्यात फार सभ्य. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, की जगात एवढी शहरं सोडून शत्रू जळगावला कशाला येईल. मी म्हणालो, साहेब, वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना, भुसावळला जंक्शन आणि आमच्या केळीच्या वॅगनी थेट दिल्लीला. शत्रूला याहून सोयीचा पत्ता कुठे मिळणार? मग मी त्यांना वरणगावचा कारखाना असा रंगवून सांगितला, की तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याने ऐकलं असतं तर मला जागीच धरलं असतं. वास्तविक तो कारखाना मी एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. त्याची भिंत पाहिली होती.

पण त्यानंतर जे बोललो ते खरं होतं, आणि अनुदान मिळालं ते बहुधा त्यावरच. आदल्या वर्षी सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि सुरतेतला निम्मा खानदेश तोंडाला रुमाल बांधून परत आला. ताप्तीकाठच्या पॅसेंजरला बाहेरून माणसं लटकलेली होती. जळगावच्या औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दोन दिवसांत संपल्या. माझी सख्खी आतेबहीण धुळ्याला आमच्या दारात उतरली, तर आईने आधी तिला अंगणात बादलीभर कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली आणि मग गळ्याशी धरून रडली. त्या तीन आठवड्यांत गल्लीत उंदीर मेला की माणसं घराबाहेर येऊन उभी राहायची. तो प्लेगने मेला की आपला असाच मेला, हे सांगणारा एक माणूस जिल्ह्यात नव्हता. मी तो माणूस होणार होतो.

अनुदान किती होतं ते विचारू नका. त्यात एक लहान फ्रिज आला, काचसामान आलं आणि एका मदतनिसाची वर्षभराची सोय झाली. पहिला हप्ता कामाला, दुसरा हप्ता प्रगती दाखवली तर. प्रगती म्हणजे काय, हे कागदावर कुठेच नव्हतं.

माझी चाचणी साधी होती. उंदराच्या शेपटीतून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा, आणि प्रयोगशाळेत तो भिजवून छोट्या वाट्यांत घालायचा. त्या उंदराच्या अंगाने कधी प्लेगशी झगडा केला असेल तर वाटीच्या तळाशी तांबडी जाळी पसरते. केला नसेल तर कुंकवाच्या टिकलीसारखा ठिपका बसतो. टिकली म्हणजे गाव सुखरूप. जाळी म्हणजे पुढच्या तयारीला लागा. पण चाचणीला जाळी ओळखता येते की नाही, हे आधी बघायचं तर ज्याच्या रक्तात जाळी असणारच असा उंदीर हवा. म्हणून काही उंदरांना मेलेल्या जंतूंची लस टोचायची होती. लशीने उंदराला काही होत नाही, दुसऱ्या कुणालाही होत नाही. फक्त रक्तात खूण उरते.

त्यासाठी पुण्याहून बारा पांढरे उंदीर मागवले. मे महिना होता. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. फलाटावरच्या नळाखाली चहापत्ती धरली तर चहा तयार. गाडी मनमाडला चार तास उभी राहिली. पार्सल ऑफिसातल्या बाबूने जाळीची पेटी माझ्या पुढ्यात ठेवली तेव्हा अकरा गेलेले होते. बारावा माझ्याकडे बघत होता. इथे राहणाऱ्या माणसांचं कसं होतं, एवढं विचारायचं असल्यासारखा त्याने तोंड उघडलं आणि तोही गेला.

तेव्हा मदतनीस म्हणून घेतलेले नाना म्हणाले की पुण्याचे उंदीर नाजूक, आपण आपले घेऊ.

नाना पासष्टीचे. उमेदीची चाळीस वर्षं एका नगरपालिकेच्या उंदीर पकडण्याच्या खात्यात त्यांनी पिंजरे लावले होते. पूर्वीच्या प्लेगच्या धास्तीने उघडलेलं ते खातं बंद करायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून चालू राहिलेलं. नाना भिंतीला कान लावून आत किती उंदीर आहेत ते सांगायचे, नर किती, माद्या किती, वेगळं सांगायचे. मी एकदा पडताळा घेतला. एकाने चुकले. तर म्हणाले, तो एक पाहुणा आलेला असेल. भाकरीचा तुकडा शेंगदाणा तेलात बुडवून पिंजऱ्यात टांगला की नानांच्या पिंजऱ्यासमोर उंदीर रांग लावत, आणि मला तर शंका होती की त्यांच्यात नंबरावरून भांडणंही होत. ते नशिराबादच्या पलीकडच्या एका गावात राहायचे आणि रोज सायकलने यायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण सायकलला रस्ता पाठ होता.

नानांनी सहा काळे उंदीर आणले. मी त्यांना लस टोचली आणि ओळख राहावी म्हणून उजव्या कानाला खूण केली. त्यासाठी विकतचं हत्यार परवडणारं नव्हतं. माझा मेव्हणा एसटीत कंडक्टर. त्याने मोडीत निघालेला तिकिटाचा पंच दिला. टक्‌ केलं की कानाच्या कडेला इवलासा, स्वच्छ, अर्धगोल काप. दोन महिन्यांत सहाच्या सहा वाट्यांत जाळी पसरली. चाचणी चालत होती. मी त्या दिवशी कॉलेजच्या मागच्या मैदानावर एकटाच दोन फेऱ्या धावलो.

गणपती बसले. मला धुळ्याला घरी जायचं होतं. जाताना नानांना सांगितलं, या सहांचं काम झालं, कागदावर लिहिलंय तसं बाटलीतलं औषध वापरून संपवा आणि पुरून टाका. नानांनी मान हलवली. मी परत आलो तेव्हा पिंजरे धुऊन उन्हात ठेवले होते. मी काही विचारलं नाही.

हिवाळ्यात गावोगावचं काम सुरू झालं. नाना पिंजरे लावायचे, थेंब घ्यायचे, उंदीर सोडून द्यायचे आणि गावाचं, जागेचं नाव लिहिलेले टिपकागद माझ्याकडे आणायचे. पिंप्राळा, टिकली. नशिराबाद, टिकली. पंचवीसेक जागा झाल्या, सगळ्या टिकल्या. जिल्ह्याच्या दृष्टीने याहून आनंदाची गोष्ट नव्हती आणि माझ्या दृष्टीने याहून वाईट नव्हती. धुळ्याची आढावा बैठक दीड महिन्यावर आली होती. तिथे जाऊन काय सांगणार होतो? की साहेब, काहीच नाही, पैसे द्या?

मग एका सकाळी एका वाटीत जाळी पसरली.

मी पुन्हा केली. जाळी. तिसऱ्यांदा केली, तरी जाळीच. कागदावर नानांच्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांच्याच गावाचं नाव होतं, आणि जागा: पिठाची गिरणी.

ती गिरणी मला माहीत होती. पिंजरे ठेवायच्या दिवशी मी स्वतः नानांबरोबर गेलो होतो. गिरणीवाला बारा वर्षं सुरतेला कापडाच्या मागावर काम करून प्लेगच्या गाडीने परत आलेला. त्याच्या बायकोने घराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं होतं, की आता सुरतेचं नाव काढलं तर ती विहिरीत उडी मारेल, आणि आधी नवऱ्याला ढकलेल. मग त्याने जमवलेले सगळे पैसे घालून जुनी मोटर आणि जातं घेतलं. तो पोती उचलायचा, ती दळायची. तिच्या हाताला कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ जसं बारीक यायचं तसं पंचक्रोशीत येत नव्हतं. मला त्यांनी जबरदस्तीने चहा पाजला होता आणि तिने जात्यातून पडणारं गरम पीठ माझ्या तळहातावर घेऊन दाखवलं होतं.

नियम असा होता की दिल्लीने ठरवून दिलेल्या मोठ्या प्रयोगशाळेने पडताळून दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी उरलेला कागद बर्फाच्या थर्मासमधून तिकडे पाठवला. इथपर्यंत शहाण्यासारखं वागलो. संध्याकाळी पिंप्राळ्याला दाढी करायला बसलो. न्हाव्याने साबण लावता लावता विचारलं, काय मास्तर, तुमचे उंदीर काय म्हणतात? आणि माझ्यातला जो माणूस वरणगावच्या भिंतीआड अख्खा किल्ला उभा करतो, तो खुर्चीतच ताठ झाला. मी म्हणालो, सापडला. कुठे, ते सांगितलं. सुरतेहून आलेल्यांच्या गिरणीत, हेही सांगितलं. वस्तरा गालावर थांबला, दुकानात पाच-सहा जण गप्प झाले. एवढा शांतपणा माझ्या वर्गात कधी मिळाला नव्हता. एक उंदीर म्हणजे त्या शांततेच्या मानाने फार थोडा वाटला. मी चार सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते नानांच्या गावात पोहोचलं. तिसऱ्या दिवसापासून गिरणीवर कोणी दळण आणलं नाही. बायका डबे डोक्यावर घेऊन नशिराबादला जाऊ लागल्या. नळावर गिरणीवाल्याच्या बायकोच्या हंड्याला जागा सोडायच्या, म्हणजे मानाने नाही, अंतराने. मोटर लावून पट्टा रिकामा फिरवून तो दिवसभर बसायचा, गिरणी चालू आहे हे लोकांना ऐकू जावं म्हणून.

आठवड्याने तो माझ्याकडे कॉलेजात आला. डोक्याला, भुवयांना पीठ नव्हतं म्हणून मी त्याला आधी ओळखलंच नाही.

"साहेब, मन्ही गिरणीमा पलेग शे असं तुम्ही सांगं म्हणे."

मी म्हणालो की एक उंदीर मिळाला आहे, त्याच्या रक्तात खूण दिसली आहे, याचा अर्थ गिरणीत रोग आहे असा होत नाही.

"एक? लोक चार म्हणतस."

मी टेबलावरचे कागद सारखे केले. तो म्हणाला, मग एक तरी लिहून द्या. गिरणीत काही नाही, असं दोन ओळींत लिहा, शिक्का मारा, मी दाराला चिकटवतो. मी त्याला समजावलं की शास्त्राचं काम असं नसतं, वरून उत्तर आल्याशिवाय मला काही लिहून देता येत नाही.

खुर्ची दिली होती तरी तो उभाच राहिला होता.

"सांगाले उत्तर लागनं नही. लिखाले लागस का?"

एक गोष्ट मी त्याला सांगू शकत नव्हतो. ती जाळी खरी असावी असं मला मनापासून वाटत होतं. त्या गावात प्लेग नसावा असं वाटायला हवं होतं. मला तो असायला हवा होता. माझ्या चाचणीला, माझ्या दुसऱ्या हप्त्याला, माझ्या नोकरीत कायम होण्याला. आजही दळणाच्या पिशवीचा वास आला की मला तेवढंच आठवतं.

बैठकीच्या चार दिवस आधी मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांच्या तपासणीतही जाळीच. नवख्या संशोधकाच्या साध्या पद्धतीचं कौतुक केलेली एक ओळही होती. मी ती ओळ इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. बैठकीत दाखवायला त्याच गिरणीतले आणखी दोन-तीन नमुने असावेत म्हणून मी स्वतःच पिंजरे घेऊन नानांच्या गावी गेलो.

गिरणी बंद होती. गिरणीवाला शेतावर मजुरीला गेलेला. त्याच्या बायकोने किल्ली माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली आणि आत गेली. जात्यात दाणा नव्हता, त्यामुळे आतले उंदीर उपाशी होते. तासाभरात पिंजऱ्याचं दार पडलं. मी पिंजरा उजेडात आणला.

उंदराच्या उजव्या कानाच्या कडेला इवलासा, स्वच्छ, अर्धगोल काप होता.

उंदीर आपापसांत भांडतात, कान फाडतात. पण दातांनी फाटलेला कान झालरीसारखा होतो. इतका गोल काप एसटी महामंडळाच्या पंचाशिवाय जगात कुणी करत नाही. मी पिंजरा घेऊन तसाच नानांच्या घरी गेलो. नाना खाटेवर बसून तार वाकवत होते. मी पिंजरा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"नाना, याचा कान बघा."

त्यांनी पिंजरा डोळ्यांना लावला, मग बोटाने चाचपला. "आपलाच शे."

"मी मारायला सांगितले होते."

"गणपती बशेल व्हता, साहेब. त्याना वाहनवर त्या दहा दिनमा मी चाळीस वरीस हात उचला नही. नगरपालिकाबी पिंजरा उपडा ठेवे."

"मग मला सांगायचं होतं."

"तुम्ही धुयाले जायेल व्हतात. वापस उनात, तं इचारं नही."

आणि गिरणीतच का सोडले, असं मी विचारलं. दोन महिने आपल्या हातचं खाऊन ते जीव आळशी झाले होते, नाना म्हणाले. शेतात सोडले असते तर उपाशी मेले असते आणि ते पाप त्यांच्या माथी आलं असतं. गिरणीत पीठ होतं. सायकलच्या कॅरिअरला पिंजरा बांधून त्यांनी सहाही जण तिथे पोहोचते केले होते, विसर्जनाच्या आधी.

मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं. मी जाळी म्हटलं ती कुणाच्या रक्तातली, हे त्यांना आत्ता कळत होतं. थेंब त्यांनीच घेतला होता, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, कान न पाहता. त्यांनी तार खाली ठेवली. माझ्या लक्षात आलं की ओट्याच्या कोपऱ्यात दळणाचा डबा होता आणि त्यावर नशिराबादच्या गिरणीच्या खडूची खूण होती. नानांच्या घरचं दळणही नशिराबादला जात होतं. माझ्या शब्दावर.

धुळ्याच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. लस, पंच, गणपती, सायकल, गिरणी. फुगवलं काही नाही. फुगवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. न्हाव्याचं दुकानही सांगितलं. आता हे लोक मला बाहेर काढणार, अशी मनाची तयारी करून उभा राहिलो.

अध्यक्ष हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. चहाचा कप सरकवून म्हणाले, "तुम्ही प्रामाणिक आहात. आता अहवालातून ती नोंद काढा."

मी विचारलं, काढा म्हणजे? तर म्हणाले, पंचवीस जागा तपासल्या, सगळीकडे टिकली, चाचणी चालते हे मोठ्या प्रयोगशाळेने मान्य केलं, एवढं पहिल्या वर्षाला पुरेसं आहे. निसटलेल्या उंदरांची गोष्ट वर गेली तर पुढच्या वर्षी नवख्यांना कोणी छदाम देणार नाही, तुमच्यासारख्या आणखी दहा जणांचं नुकसान होईल. ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच ते अवघड होतं.

मी म्हणालो, ठीक आहे, पण त्या गावाला खात्याच्या शिक्क्याचं एक पत्र द्या, की गिरणीत काही आढळलेलं नाही.

"प्लेग आहे असं खात्याने म्हटलंच नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. "मग नाही असं खातं कसं म्हणेल?"

मी सही केली. नोंद नसलेल्या अहवालावर. धुळ्याहून निघालो तेव्हा दुसरा हप्ता मंजूर होता आणि आईने बरोबर दिलेला बाजरीच्या भाकरीचा डबा जळगावपर्यंत उघडला गेला नाही.

कागद मिळाला नाही तर तोंड तरी आहे, असा विचार करून मी दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना घेऊन गावातल्या दूध डेअरीवर गेलो. त्या वेळी प्रत्येक घरातला एक माणूस किटली घेऊन तिथे उभा असतो. मी डेअरीच्या पायरीवर चढून सगळं पहिल्यापासून सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. मी एसटीच्या पंचापाशी आलो तेव्हा मागे कुणीतरी हसलं. नानांनी दयेपोटी उंदीर सायकलवरून गिरणीत नेऊन सोडले, इथे तर डेअरीचा मापाडीही माप खाली ठेवून हसायला लागला. एकाने विचारलं, की मास्तर, उंदरांची तिकिटं अर्धी फाडली होती की पूर्ण? नाना पुढे होऊन म्हणाले की बठ्ठं खरं शे, सगळं खरं, मीच सोडले. तर लोक म्हणाले, नानाचा पगार कोण देतं ते माहीत आहे.

गावातले एक वयस्क आबा, ज्यांच्या शब्दाला मान होता, ते हसले नव्हते. किटलीचं झाकण लावून ते माझ्याजवळ आले.

"मास्तर, तवय तुम्ही सांगं ते खरं वाटनं. आते सांगतस ते रचेल वाटस."

माझ्या आयुष्यात मी शेकडो गोष्टी रचून सांगितल्या आणि लोकांनी त्या शपथेवर खऱ्या मानल्या. केळीच्या घडाला बांधून ठेवलेला चोर घडाच्या वजनाने हवेत गेला, हेसुद्धा लोकांनी मानलं. लोकांना एकदाच गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

नाना दुसऱ्या दिवसापासून आपलं दळण मुद्दाम गिरणीवर नेऊ लागले, डबा सगळ्यांना दिसेल असा डोक्यावर घेऊन. मीही जळगावहून स्कूटरवर गहू-ज्वारी नेऊ लागलो. दोन गिऱ्हाइकांवर गिरणी चालत नाही. गिरणीवाल्याच्या बायकोने माझे गहू दळून दिले, पण पैसे घेताना माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेला मोटर जागेवर नव्हती. पाचोऱ्याकडच्या कुणाला तरी विकली होती.

ते सुरतेला परत निघाले होते. नानांनी मला गाडी सांगितली आणि मी सकाळी जळगाव स्टेशनवर गेलो. दोघं फलाटावर बोचक्यांवर बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा गिरणीवाला उठून उभा राहिला, जसा कॉलेजातही राहिला होता. तो म्हणाला की बरं झालं आलात, तो कागद आता द्या.

मला आधी कळलं नाही. गिरणीच नाही तर कागद कशाला? मग त्याने सांगितलं. त्याचा मेव्हणा सुरतेत ज्या चाळीत राहतो तिथे खोली बघितली होती. चाळमालकाच्या कानावर गेलंय की यांच्या गावात प्लेग निघाला. खानदेशातून येणाऱ्याने तिकडचा दाखला आणल्याशिवाय तो खोली देणार नाही. बायको बोचक्यावरून म्हणाली, सुरतेहून आलो तेव्हा गावात घ्यायला सुरतेचा दाखला मागत होते.

मी कॉलेजच्या नावाचा कागद पिशवीतून काढला. खाली स्वतःचं पूर्ण नाव, पदवी, आणि वर पहिल्या दोन ओळींत या गावात प्लेग आढळलेला नाही असं लिहून मग सगळं लिहायला घेतलं. चाचणी काय होती, लस काय होती, खूण कशी होती, चूक कुणाची होती, अनुदान कशासाठी होतं. पान भरलं, उलटायला घेतलं. गाडीची घंटा झाली. गिरणीवाल्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं, पहिल्या दोन ओळी बोट ठेवून वाचल्या आणि थांबला.

"साहेब, एवढं नका लिखू. जास्ती लिखेल खोटं वाटस."

मी दोन ओळींखाली सही केली, उरलेला कागद फाडून घेतला. पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती शर्टाच्या वरच्या खिशात घातली, पुन्हा काढली, बायकोला वाचून दाखवली. तिने ती त्याच्या हातातून घेतली, चार घड्या घातल्या आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली. मग त्यांनी बोचकी उचलली.